कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना आवाज परत परत दबका येतोय? आधी हेडचा स्क्रू बघा

गेले चार महिने घरातल्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेतोय, एकूण ४३ आहेत, आणि त्यातले पहिले दोन महिने एकाच त्रासात गेले म्हणून जरा सविस्तर लिहितोय. आवाज दबका यायचा, घोंगडीखालून कोणीतरी बोलतंय असा, मग हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) साफ केलं की एकदम मोकळा, आणि दोन दिवसांनी परत तसाच. कोणालाही विचारलं तर उत्तर एकच, हेड साफ कर. ते करावं लागतंच, पण माझं दुखणं वेगळंच निघालं आणि घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेट ज्यांच्याकडे आहेत त्यांना हे हमखास भेटणार.

आधी सेटअप सांगतो. पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेला साधा स्टिरिओ डेक म्हणजे कॅसेट प्लेयर, त्याच्या मागच्या लाइन आउटमधून लाल-पांढरी वायर बेहरिंगरच्या यूसीए २०२ या छोट्या यूएसबी इंटरफेसमध्ये, तिथून यूएसबीने लॅपटॉपला, आणि रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये. कॅसेट तीन-चार प्रकारच्या आहेत. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, आईने १९८७ साली संगमेश्वरला माहेरी असताना घरच्या मोनो टू-इन-वनवर घेतलेल्या. मामा तेव्हा मस्कतला होता, तो पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचा, त्या ११. बाबांच्या भजनी मंडळाच्या काही. आणि बाकी दुकानातून विकत आणलेल्या गाण्यांच्या, त्या घेण्याची तशी गरज नव्हती पण टेस्टिंगला फार उपयोगी पडल्या, कशा ते पुढे येईल.

सगळ्यात पहिलं, कॅसेट डेकमध्ये घालायच्या आधी वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही छोटे टॅब तोडा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं की आजीचा आवाज गेला, तो परत कुठून आणणार. टॅब तोडले की बटण दाबलंच जात नाही. पुढे कधी रेकॉर्ड करायचं झालंच तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावता येते, त्यामुळे नुकसान काही नाही.

आता मूळ त्रास. सुरुवातीला मला वाटलं जुन्या टेपचा भुगा झडतोय आणि हेडवर बसतोय. पुसताना कापसाच्या इअरबडला तपकिरी लागायचंही, म्हणून तर खात्रीच पटली. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयपीए म्हणून मागितलं की देतात, पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतं. त्याने हेड, कॅपस्टन म्हणजे ती बारीक फिरणारी स्टीलची दांडी, आणि तिला टेकणारा रबरी पिंच रोलर, तिन्ही पुसले. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं आणि चिकट थर राहतो. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांच्या तर जवळही जाऊ नका, रबर आणि प्लास्टिक खराब होतं. पुसून झालं की टेस्टिंगला गाण्यांची एक कॅसेट लावायचो, झकास वाजायची, मग खूश होऊन आजीची लावायचो आणि पाच मिनिटांत कळायचं की परत दबका. परत साफ, परत गाण्यांची कॅसेट, परत झकास. असं आठ-दहा वेळा झालं. मधल्या काळात बेल्ट बदलले, पिंच रोलर नवा टाकला, हेड डीमॅग्नेटाइझ केलं म्हणजे त्यात साचलेलं चुंबकत्व काढलं, वायर बदलली. प्रत्येक वेळी दोन दिवस बरं वाटायचं.

शेवटी एक वही केली. कोणती कॅसेट, कोणत्या मशीनवर भरलेली, कोणती बाजू, आवाज कसा, आणि हेड साफ करून किती वेळ झाला. वीसेक नोंदी झाल्यावर नुसती नजर टाकली तरी दिसत होतं की साफ करण्याशी काही संबंधच नाही. दुकानातल्या कॅसेट कधीही लावा, मोकळ्या. मामाच्या बऱ्यापैकी. आमच्या टू-इन-वनवर भरलेली प्रत्येक कॅसेट दबकी, हेड पाच मिनिटांपूर्वी पुसलेलं असलं तरी. म्हणजे घाण परत जमत नव्हती, मी टेस्टला एक कॅसेट लावत होतो आणि कामाला दुसरी. दोन्ही वेगवेगळ्या मशीनवर भरलेल्या, एवढाच फरक.

याला अझिमथ म्हणतात. हेडमध्ये उभी बारीक फट असते, ती टेपच्या चालण्याच्या दिशेला बरोब्बर काटकोनात हवी. ती थोडी कलली तरी त्याच मशीनवर भरलं आणि त्याच मशीनवर वाजवलं तर काही कळत नाही, कारण भरतानाही तेवढीच कललेली आणि ऐकतानाही तेवढीच. आमचा टू-इन-वन इतकी वर्षं घरात वाजला आणि कोणाला काही जाणवलं नाही ते त्यामुळेच. पण तीच कॅसेट सरळ हेडच्या डेकमध्ये घातली की फट आणि टेपवरचे ठसे तिरपे होतात आणि वरचा आवाज मरतो.

किती कललं तर किती मरतो याचा हिशेब केला तेव्हा मी थक्क झालो. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर चालते, म्हणजे १०,००० हर्ट्झचा एक हेलकावा टेपवर फक्त ४.७६ मायक्रॉन जागा घेतो. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरा. टेपची एका बाजूची पट्टी दीड मिलिमीटर रुंद असते, आणि हेड एक अंशाचा सहावा भाग जरी कललं तरी त्या पट्टीच्या वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला जवळजवळ साडेचार मायक्रॉनचा फरक पडतो. म्हणजे पट्टीच्या एका टोकाला हेलकाव्याची सुरुवात वाचली जाते तेव्हा दुसऱ्या टोकाला त्याचा शेवट, आणि सगळं मिळून एकमेकांना पुसून टाकतात. १,००० हर्ट्झचा हेलकावा ४७.६ मायक्रॉनचा, त्याला एवढ्याने काही होत नाही. म्हणून माणूस काय बोलतोय ते कळतं पण स, श, च सगळे बोथट होतात, टाळ टाळासारखे वाजत नाहीत.

उपाय एका स्क्रूचा आहे. हेड दोन स्क्रूंवर बसवलेलं असतं, त्यातल्या एकाखाली बारीक स्प्रिंग असते, तोच अझिमथचा. बऱ्याच डेकमध्ये कॅसेटच्या दाराचं पुढचं झाकण वर सरकवून काढलं की तो समोर दिसतो, काहींना त्यासाठी पुढेच बारीक भोक ठेवलेलं असतं. डेकची मागची पेटी उघडायची गरज नाही, आणि प्लग लावलेला असताना उघडू तर अजिबात नका, आत २३० व्होल्ट असतात. स्क्रूवर कंपनीने रंगाचा ठिपका दिलेला असतो तो फिरवल्यावर तुटतो, म्हणून आधी मोबाईलवर फोटो काढा आणि स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशची एक बारीक रेघ मारा, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. स्क्रू ड्रायव्हर लोहचुंबक लावलेला नको. दुसऱ्या स्क्रूला हात लावायचा नाही, त्याने हेडची उंची बिघडते आणि मग तुम्ही घरी नीट करू शकणार नाही.

कॅसेट चालू ठेवायची, कानाला हेडफोन, आणि स्क्रू एकदम हळू, पाव फेऱ्याच्या आतबाहेर. ऐकायचं काय हे महत्त्वाचं. नुसतं बोलणं ऐकून पटकन ठरत नाही, टेपवर बारीक तीक्ष्ण आवाज कुठे आहे तो शोधा. भजनाच्या कॅसेटला टाळ आणि झांजा. मामाच्या कॅसेटवर तो मध्येमध्ये कागद उलटतो ती सळसळ. आजीच्या कॅसेटवर बांगड्या. जात्याची घरघर आधीपासून येत होती, ती खालची आहे, पण खुंटा फिरवताना हातातल्या काचेच्या बांगड्या वाजतात हे मला दोन महिने माहीतच नव्हतं. स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेला साधारण आठवा हिस्सा फिरवला आणि एकदम किणकिण सुरू झाली, प्रत्येक फेऱ्याला एकदा, आणि मागून आईचा आवाज, "अगो, जरा हळू, पीठ उडतंय मशीनवर". हे वाक्य आम्ही कोणी कधी ऐकलेलंच नव्हतं, आईला स्वतःलाही आठवत नव्हतं. तिला फोनवर ऐकवलं तर तिने परत परत लावायला सांगितलं.

अजून अचूक करायचं असेल तर डावं-उजवं एकत्र करून ऐका, कारण दोन्ही चॅनेल मिसळले की थोडी चूकसुद्धा लगेच कानावर येते. विंडोजच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली मोनो ऑडिओचा स्विच आहे तो लावायचा आणि ऑडॅसिटीत रेकॉर्ड होणारं ऐकू येण्याचं सेटिंग चालू करायचं. आवाज जरासा मागून येतो, म्हणून स्क्रू फिरवल्यावर क्षणभर थांबून मग पुढे. मात्र रेकॉर्डिंग स्टिरिओच करा, टेप मोनो असली तरी. स्टिरिओ हेड त्या एका पट्टीचे दोन भाग वेगवेगळे वाचतं, एखाद्या भागावर सुरकुती किंवा डाग असला तर नंतर चांगला चॅनेल तेवढा ठेवता येतो, आणि हेड अगदी बारीकसं चुकलं असेल तरी एकेका चॅनेलमध्ये नुकसान कमी असतं.

बाजू बदलली की परत तपासा. ए बाजूला जुळवलेलं बी बाजूला जरासं सरकलेलं असू शकतं. एक सल्ला कळकळीने देतो, ऑटो रिव्हर्स, म्हणजे कॅसेट न उलटता दुसरी बाजू वाजवणारा डेक या कामाला घेऊ नका. त्यात हेड गोल फिरतं, दोन्ही दिशांना वेगळे स्क्रू असतात, आणि फिरताना प्रत्येक वेळी तेच टेकेल याचा भरवसा नाही. साधा एका दिशेचा डेक घ्या आणि कॅसेट हाताने उलटा. वॉकमनसारखे दिसणारे स्वस्त यूएसबी प्लेयर ऑनलाइन मिळतात, तो एक मी घेतला होता, त्याचा वेगच स्थिर नव्हता आणि सूर इतका डुलायचा की ओवी ऐकवत नव्हती. परत केला.

अझिमथला हात लावायच्या आधी दोन गोष्टी नक्की बघा, कारण लक्षण तेच असतं. डेकवर डॉल्बीचं म्हणजे खरखर कमी करण्याचं बटण असेल तर बंद करा. आमच्यासारख्या साध्या टू-इन-वनला डॉल्बी नव्हतंच, त्यामुळे ते चालू ठेवलं की खरखरीबरोबर वरचा आवाजही कापला जातो. दुसरं, कॅसेटच्या मधोमध पितळी पट्टीवर फेल्टचा छोटा चौकोन असतो, तो टेपला हेडवर दाबून धरतो. त्याचा गोंद सुकून तो पडलेला असतो किंवा कॅसेटमध्ये कुठेतरी खुळखुळत असतो. एकाच कॅसेटचा आवाज दबका असेल आणि शिवाय येत-जात असेल तर आधी हे बघा. पाच स्क्रूची कॅसेट असेल तर उघडून टेपच्या दोन्ही गुंडाळ्या उचलून दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात ठेवायच्या, गुळगुळीत पातळ कागद दोन्ही बाजूला असतात ते विसरायचे नाहीत. स्क्रू नसलेल्या चिकटवलेल्या कॅसेट कडेने हळूहळू ब्लेड सरकवून उघडाव्या लागतात, मी आधी दोन फालतू कॅसेटवर हात बसवला आणि मगच मामाची उघडली.

पांढरी बुरशी असलेल्या चार कॅसेट निघाल्या, कोकणातल्या पावसात माळ्यावर राहिल्या की हे होणारच. त्या चांगल्या डेकमध्ये सरळ घालू नका, बुरशी हेडला आणि रोलरला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. तोंडाला मास्क लावून, डबा बंद करून सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर आठवडाभर ठेवल्या, मग षटकोनी पेन्सिलने हाताने पूर्ण एकदा पुढे आणि एकदा मागे गुंडाळल्या, कोरड्या मऊ कापडाने कड पुसली, आणि वाजवून झाल्यावर डेक लगेच साफ केला. चारही नीट वाजल्या.

कॉम्प्युटरच्या बाजूचं थोडक्यात. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालू नका, ते बहुतेक मोनो असतं आणि माइकच्या बारीक सिग्नलसाठी असतं, डेकचा सिग्नल त्याला झेपत नाही, आवाज फाटतो. लाइन इन असलेला यूएसबी इंटरफेस लागतोच. स्वस्त छोट्या यूएसबी साउंड कार्डलाही माइकच असतो, घेताना बघून घ्या. शब्दांच्या मध्ये आवाज गिळल्यासारखा होत असेल, पाण्याखालून आल्यासारखा, तर ती टेपची चूक नाही, विंडोजचं ऑडिओ एन्हान्समेंट चालू आहे, त्या इनपुटच्या प्रॉपर्टीत जाऊन बंद करा. घूं असा एकसारखा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा, माझा तेवढ्याने गेला. लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील, शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही, कमी असलेला वाढवता येतो.

वेगाचा प्रश्न मामाच्या कॅसेटमध्ये आला. त्याचा आवाज जरा पातळ आणि घाईचा वाटत होता, पण किती ते कळायला मापच नव्हतं. मग लक्षात आलं की त्याने मशीन लाइटवर लावून भरलंय, आणि मागे लाइटचा बारीक घूं टेपवर आलाय. ओमानलाही आपल्यासारखी ५० हर्ट्झचीच वीज आहे. ऑडॅसिटीत तो शांत तुकडा सिलेक्ट करून प्लॉट स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या हर्ट्झला किती आवाज आहे त्याचा आलेख, काढला, साइज ६५५३६ ठेवला, आणि ५० च्या तिप्पट जी १५० ची रेघ दिसायला हवी ती १५४.५ च्या जवळ दिसली. म्हणजे टेप ३ टक्के जास्त वेगात चालत होती. उणे २.९ टक्के वेग केला आणि मामा मामासारखा बोलायला लागला. फक्त हे करताना कॅसेट थांबवून बघा, टेप बंद असतानाही घूं येत असेल तर तो तुमच्या डेकचा आहे, त्याच्यावरून हिशेब करू नका.

आजीच्या दोन कॅसेटला हा उपाय चालत नाही. तेव्हा गावात लाइट सारखी जायची म्हणून आईने सेलवर भरलंय, आणि सेल उतरत गेले तसं मशीन हळू झालं, त्यामुळे आता वाजवताना ओवी पुढे पुढे चढत जाते, शेवटी आजी लहान मुलीसारखी ऐकू येते. ऑडॅसिटीत स्लायडिंग स्ट्रेच आहे, त्यात सुरुवात आणि शेवट वेगळे देता येतात, टेम्पो (वेग) आणि पिच (सूर) दोन्हीला एकच टक्का द्यायचा. सेल एकसारखे उतरत नाहीत म्हणून मी पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून, जात्याची घरघर आधीच्या तुकड्याशी जुळेपर्यंत, कानाने केलं. आवाज किंचित विरतो, पण आजी आजी वाटते. मूळ फाइल मात्र तशीच ठेवलीय.

मूळ फाइलबद्दल म्हणजे, जे डेकमधून आलं ते वेव्ह फाइलमध्ये काहीही न करता ठेवा, ४४,१०० हर्ट्झ आणि १६ बिट पुरतं. मिनिटाला साधारण १० एमबी, तासाच्या कॅसेटला सहाशेच्या वर. दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. नॉइज रिडक्शन वगैरे जे करायचं ते कॉपीवर, आणि तेही जपून, कारण मी एकदा जरा जास्त लावलं तर खरखरीबरोबर बांगड्याही गेल्या. नातेवाइकांना पाठवायला मी आता फक्त लेव्हल सारखी करतो आणि एमपीथ्री काढतो. खरखर राहू दे.

आता वहीत प्रत्येक कॅसेटपुढे एक रकाना वाढवलाय, नेलपॉलिशच्या रेघेपासून स्क्रू कुठे ठेवला, घड्याळातल्या तासांप्रमाणे लिहितो. आमच्या टू-इन-वनच्या सगळ्या साडेदहावर येतात, मामाच्या जवळजवळ बारावर, भजनी मंडळाच्या एकावर, कारण त्या मंडळातल्या कोणाच्या तरी मशीनवर भरल्यात. म्हणून आता मशीनप्रमाणे गठ्ठे करून एका वेळी एकच गठ्ठा घेतो, स्क्रू रोज उठून फिरवला की त्याची जागा ढिली पडते. गठ्ठा संपला की गाण्यांची ती पहिली कॅसेट लावून स्क्रू बारावर आणतो. अजून नऊ राहिल्यात, त्यातल्या दोनवर काहीच लिहिलेलं नाही आणि दोन्ही बाजू दबक्या आहेत, साडेदहावर नाही, बारावर नाही, एकावरही नाही. आईला विचारतोय की शेजारून कोणाचा टेप कधी आणला होता का.